विसण कोणी घातलं?

त्या दिवशी सकाळी विचुंब्यातल्या ‘सोनचाफा’ इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जो गलका चालला होता, तो जिन्यातून ऐकणाऱ्याला नक्की भांडण वाटला असता. भांडण नव्हतं. आशालताची नात घरी येणार होती.

पहिली नात. जन्मली पनवेलच्या एका दवाखान्यात, आणि जन्मल्याबरोबर थोडी कावीळ निघाली म्हणून डॉक्टरांनी मायलेकींना तिथेच ठेवून घेतलं. आठवडा उलटला. रोज डबा घेऊन जायचं, निळ्या दिव्याखाली झोपलेलं ते गाठोडं लांबून बघायचं आणि रिक्षाने परत यायचं, यात आशालताचा जीव अर्धा झाला होता. काल संध्याकाळी डॉक्टर एकदाचे म्हणाले, “उद्या घरी न्या. नाळ पडलीय, अंघोळ घातली तरी चालेल.” तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. डिंकाचे लाडू वळून झाले होते. अळीव भिजत पडले होते. दुपटी धुऊन, वाळवून, पुन्हा धुऊन, पुन्हा वाळवून झाली होती. बाळंतिणीच्या खोलीतला पंखा तिने स्वतः स्टुलावर चढून पुसला आणि कंबर धरून खाली उतरली. त्या कंबरेला जड उचलायची सक्त मनाई होती, पण पंखा काही उचलायचा नव्हता, असं तिचं म्हणणं.

सगळं जय्यत होतं. फक्त गिझर तेवढा दगा देत होता.

म्हणजे चालू होत होता. लाल दिवा लागायचा, थोड्या वेळाने शहाण्या मुलासारखा आपणहून विझायचा. दिवा विझला म्हणजे पाणी तापलं, असा साधा हिशेब. आणि नळ सोडावा तर धड गरम नाही, धड गार नाही. बोलण्याच्या नादात कपात राहून गेलेल्या चहासारखं पाणी.

“प्रभाकरराव, आजही कोमटच आहे हो,” टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूममधून बाहेर येत चारुशीलाताई म्हणाल्या.

चारुशीलाताई म्हणजे आशालताच्या मुलीच्या, वल्लरीच्या, सासूबाई; वल्लरी त्यांना माई म्हणायची. बाळ झाल्याचं कळताच पुण्याहून आल्या त्या इथेच मुक्कामाला. आवाज कधी चढायचा नाही, साडीची घडी कधी विस्कटायची नाही. बाई वाईट नव्हत्या, आणि हेच आशालताचं दुःख होतं. वाईट असत्या तर कडाकडा भांडता तरी आलं असतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. पण बाळाला कावीळ निघाल्यावर चारुशीलाताईंनी अगदी मऊ आवाजात विषय काढला होता. पुण्यात घर मोठं, गॅसचा गिझर, केव्हाही नळ सोडा, पाणी कढत. हाताखाली दोन बायका. “तुमच्याकडे सगळी सोय असेल तर प्रश्नच नाही, आशाताई. पण नसेल, तर सव्वा महिना मी नेते तिला. बाळंतिणीला आणि बाळाला रोज कढत पाणी हवंच. तिथे तडजोड नको.” त्यावर आशालता मोठ्या तोऱ्यात म्हणून बसली होती, “सोय नसेल तर खुशाल न्या!” तेव्हा गिझर ठणठणीत होता. आता ते ‘खुशाल’ तिच्या घशात अडकलं होतं.

कारण सव्वा महिना झाला की जावई, म्हणजे वरद, आणि वल्लरी बाळाला घेऊन बंगळुरूला जाणार. नोकऱ्या तिकडच्या. मग वर्षातून एकदा, फार तर दोनदा भेट. नात मांडीवर घ्यायची, तिला तेल लावायचं, तिच्या जांभया मोजायच्या, ते सगळं या सव्वा महिन्यात. नंतर आहेच फोनची काच.

“काळजी करू नका हो, आत्ता बघतो,” प्रभाकर म्हणाला आणि बनियनवरच स्टुलावर चढला.

प्रभाकर बंदरातल्या एका कार्यालयात जन्मभर कागद हलवून निवृत्त झाला होता, आणि तिथे हाताला जे काम मिळालं नाही ते आता घरात शोधत हिंडायचा. घरातला एकही स्क्रू त्याच्या तावडीतून सुटला नव्हता. व्हिडिओ बघायचा, पक्कड शोधायची, आणि “सोपं असतं गं” म्हणून सुरुवात करायची. खरं सांगायचं तर दहातली सात कामं तो नीट करायचा. उरलेल्या तीन कामांना माणूस बोलवावा लागायचा.

त्याची ताजी कामगिरी आतल्या, बेडरूमच्या बाथरूममध्ये होती. तिथे त्याने खास नातीसाठी नवा मिक्सर नळ बसवून घेतला होता. एका मुठीने गरम, दुसरीने गार, आणि मधून लांब नळीच्या टोकाला हातात धरायचा शॉवर. शॉवरला बटण. दोन्ही मुठी केसभर इकडे, केसभर तिकडे करत, बादलीत थर्मामीटर बुडवून बुडवून त्याने बाळाच्या अंगाला सोसेल असं पाणी जमवलं होतं. मग कुणी ते बिघडवू नये म्हणून उघड्या मुठी तशाच ठेवून त्यांना लाल टेप गुंडाळला होता. “आता नुसतं बटण दाबायचं. सोडलं की बंद. मुठींना कुणीही हात लावायचा नाही, माझ्या नातीचं पाणी आहे ते!” हे त्याने शेजाऱ्यांना दाखवलं, पेपरवाल्याला दाखवलं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही चपला काढायला लावून दाखवलं.

पण ते आतलं बाथरूम चिमुकलं. तिथे बाळाची बादली मावली असती, बाळंतिणीचा पाट नाही. पाट मांडून, शेक-शेगडीसकट साग्रसंगीत न्हाणं व्हायचं ते बाहेरच्या मोठ्या बाथरूममध्ये, जिथे गिझर होता. आणि तिथेच पाणी कोमट.

“मेन बंद केलंत का?” आशालता खालून ओरडली.

“केलं गं!”

“बघून सांगा!”

प्रभाकर निमूट उतरला, मेन बंद करून आला, पुन्हा चढला. झाकण काढलं. आत बघून ‘हं’ म्हणाला. आणखी एकदा ‘हं’ म्हणाला. त्या दुसऱ्या ‘हं’वरून आशालताने ओळखलं की याला काही कळलेलं नाही.

परवाच रोडपालीचा गुरुदत्त येऊन गेला होता. इलेक्ट्रिकच्या कामाला त्यांच्याकडे तोच यायचा. त्याने कॉइल तपासली, ठीक निघाली. तरी खबरदारी म्हणून थर्मोस्टॅट बदलला, दिवा लागून विझेपर्यंत थांबला, आणि “झालं काम” म्हणून गेला. तो लिफ्टने खाली पोचला नसेल तोच पाणी पुन्हा कोमट.

आता त्याला फोन लावला. प्रभाकरने स्पीकर सुरू केला.

“काका, लाइट विझतेय ना वेळेवर? म्हणजे टाकीत पाणी तापतंय,” गुरुदत्त म्हणाला. “मग नळाला कोमट यायला नको. टाकीच्या आतली नळी फुटली असेल, आतच गार-गरम एक होत असेल. तसं असेल तर सरळ नवीन घ्या. मी दुपारून येतो.”

“दुपारून? अरे, बाळ आत्ता येतंय!”

“काका, इथे एकाच्या घरात वायरी उघड्या पडल्यात. तशाच टाकून कसा येऊ?”

तेही खरंच होतं. प्रभाकरने फोन ठेवला आणि शर्टात एक हात घातला. “मी पनवेलच्या मार्केटातून नवीन गिझरच घेऊन येतो.”

“आणि लावणार कोण? तुम्ही?”

त्याने दुसरा हात शर्टात घातला नाही.

मग आवाज न चढवता चारुशीलाताई म्हणाल्या, “आशाताई, मी ड्रायव्हरला सांगून ठेवते हं. गाडी खालीच आहे. दवाखान्यातूनच परस्पर निघू. एक्स्प्रेसवे काय, दोन पावलांवर आहे तुमच्या. बाळ झोपेतच पुण्याला पोचेल.”

आशालताच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, गॅसवर तापवू की! मोठं पातेलं आहे माझ्याकडे.”

“आज तापवाल. उद्या? सव्वा महिना रोज कढत पाण्याची पातेली ओट्यावरून न्हाणीघरात कोण नेणार? तुमची कंबर ही अशी, प्रभाकररावांचे गुडघे तसे. वाटेत सांडलं म्हणजे?”

“रॉड लावू बादलीत.”

“विजेचा रॉड? तान्ह्या बाळाच्या घरात?” चारुशीलाताईंनी नुसत्या भुवया उचलल्या. “मी भांडत नाहीये, आशाताई. आपलं ठरलं होतं.”

ठरलं होतं. आशालताने ओठ चावला. राग आला तो गिझरचा, गुरुदत्तचा, पुणे नावाच्या शहराचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा. प्रभाकर तिच्या कानाशी लागला. “मी सांगतो तुला, या आल्यापासून झालंय हे. पुण्याच्या माणसांना पाणी फार लागतं.”

“गप्प बसा हो,” तिने त्याला कोपर मारलं. पण कोपर मारता मारताच तिला आठवलं, विहीणबाई आल्या त्या पहिल्या दिवशी अंघोळ करून बाहेर येताना स्वतः म्हणाल्या होत्या, “छान तापतं हो तुमचं पाणी.” म्हणजे त्या आल्यापासून नाही. त्यानंतर काहीतरी झालं. काय झालं? दिवसभर दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्या बाईला घरात काय झालं ते कसं आठवणार!

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वल्लरी. अगदी हळू आवाजात बोलत होती, कुणी तरी झोपलेलं असावं शेजारी.

“आई, डिस्चार्ज झाला. वरद कागद घेऊन आलाय. आम्ही निघतोय अर्ध्या तासात.”

“अगं, इतक्या लवकर?”

“तुला नकोय का?” ती हसली. मग आवाज आणखी खाली गेला. “आई, माईंचा फोन आला होता वरदला. पाणी तापत नाहीये म्हणे. आई, मला पुण्याला नाही जायचं गं. माई खूप चांगल्या आहेत. पण मला तुझ्याकडे यायचंय. मला तुझ्या हातची पेज खायचीय आणि तुझ्याच खोलीत झोपायचंय.”

 आशालताचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी अंगात असा काही जोर चढला की त्या गिझरला खाली ओढून त्याच्याशी कुस्ती खेळावी. “तू इकडेच ये,” ती म्हणाली. “गाडी थेट इकडे आण. बाकी मी बघते.” काय बघणार होती, देव जाणे.

दारावरची बेल वाजली. ठमाबाई आली होती.

ठमाबाई विचुंबे गावातली. आजूबाजूला या नव्या इमारती उभ्या राहायच्या आधीपासून ती बाळंतिणी न्हाऊ घालत आली होती, आणि इमारती उभ्या राहिल्यावर तिचं काम वाढलंच होतं. नऊवारीचा काष्टा, दंडावर हिरवं गोंदण आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणीलाही उठून बसावंसं वाटेल.

“काय गो बाय, पानी तापलाय का नाय?” पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं. “पोर येल आता. मना सगला तयार लागतो.”

आशालता काही सांगायच्या आत ठमाबाई बाहेरच्या बाथरूममध्ये शिरली, बादली सरकवली आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला. प्रभाकरने झाकण लावून मेन पुन्हा चालू केलं होतं, दिवा लागून विझला होता. बादली अर्धी भरली. ठमाबाईने कोपर बुडवलं. आणि वळून आशालताकडे असं पाहिलं की जशी काही चोरी पकडली.

“इसन कोनी घातलाय?”

“काय?”

“इसन, इसन! मना इचारल्याबिगर इसन कोनी घातलाय? बाळंतिनीचा पानी आदी मी कढत बघनार, मंग माज्या हातानं गार घालनार. दुसऱ्या कोनी हात लावाचा नाय. आमी असाच करतो.”

“ठमाबाई, मी विसण घातलं नाही हो! थेंबभर गार पाणी घातलेलं नाही. नळातूनच असं येतंय.”

“असा कसा येल?” ठमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “गार पानी काय आपल्या पायानं चालत येतं?”

आशालता ‘अहो, गिझर बिघडलाय’ म्हणायला तोंड उघडणार होती. ती तशीच थांबली. तोंड उघडंच राहिलं.

विसण. कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असं करायचं, ते विसण. हे पाणी बिनतापलेलं नव्हतंच. चार दिवस सगळे गिझरच्या पोटात शिरून बसले होते, का तापवत नाही, का तापवत नाही. तो बिचारा तापवत होता! पाणी तापलेलं होतं, आणि मग कुणीतरी त्यात गार घालत होतं. कुठे? कोण?

“नळ बंद करू नका!” ती ओरडली आणि पदर खोचून स्टुलावर चढली.

“आशा, कंबर!” प्रभाकर धावला.

“कंबर गेली खड्ड्यात! स्टूल धरा!”

मागे भिंतीत गळती झाली होती तेव्हा गरम पाण्याच्या नळ्या भिंतीबाहेरून फिरवून घेतल्या होत्या. दिसायला वाईट म्हणून आशालताने तेव्हा आठवडाभर तोंड फुगवलं होतं. आज तिने गिझरच्या खालून निघालेल्या नळीला बोट लावलं आणि किंकाळी फोडली.

“भाजलं! भाजलं हो!” पण ती हसत होती. “कढत आहे! इथे पाणी कढत आहे!”

चारुशीलाताईही दाराशी आल्या. आशालता स्टुलावरून उतरली आणि नळीवर हात फिरवत खाली निघाली. इथे चटका. इथेही चटका. मग सांधा आला, जिथून एक फाटा आतल्या बाथरूमकडे जात होता आणि दुसरा खाली या नळाकडे. सांध्याच्या खाली नळी कोमट. तिने आत जाणाऱ्या फाट्यावर हात ठेवला.

गार. गरम पाण्याची नळी, आणि हाताला फ्रिजमधल्या बाटलीसारखी गार. नुसती गार नाही, आतून पाणी वाहत असल्याची थरथर लागत होती. आतल्या बाथरूममध्ये कुणीही नव्हतं, तिथला नळ बंद होता, मग पाणी वाहतंय कुठे? तिकडे नाही. तिकडून इकडे येतंय!

“अहो,” ती अगदी हळू म्हणाली, “आत काय आहे?”

“आत? आत माझा मिक्सर आहे.”

पुढचं प्रभाकरला कळायच्या आत ती बेडरूममधून धावत बाथरूममध्ये पोचली होती. कंबर, मनाई, वय, सगळं मागे पॅसेजमध्ये राहिलं. मागून प्रभाकर, त्याच्या मागून ठमाबाई, आणि सगळ्यात मागून, साडीची घडी सांभाळत, चारुशीलाताई. आशालताने लाल टेपचं टोक नखाने शोधलं आणि टर्रकन ओढलं.

“आशा! हात लावू नको! तीन दिवस लागले मला ते जमवायला!”

“तुमच्या तीन दिवसांच्या!” ती म्हणाली आणि दोन्ही मुठी पिळून घट्ट बंद केल्या.

“मिक्सर?” ठमाबाईने आत डोकावून बघितलं. “न्हानीत चटनी वाटता काय तुमी?”

पण आशालता थांबली नव्हती. ती तशीच उलट धावत बाहेरच्या बाथरूममध्ये आली. नळ चालूच होता, बादली भरून वाहत होती. तिने धारेखाली हात धरला. कोमट. कोमट. अजून कोमटच.  चारही माणसं श्वास धरून त्या धारेकडे बघत उभी. मग धार जरा बदलली. ऊन झाली. आणखी ऊन झाली. आणि मग बाथरूमच्या आरशावर खालून वर वाफ चढायला लागली.

“ओ माय गो!” कोपर घालायला गेलेली ठमाबाई मागे उडाली. “असा पानी पायजे! आता इसन घालीन मी!”

“तापलंय!” आशालता ओरडली. “तापलंय, तापलंय, तापलंय!” तिने ठमाबाईचे दोन्ही हात धरून त्या ओल्या फरशीवर एक फेर धरला, आणि ठमाबाईनेही, कशासाठी ते नीट न समजता, धरू दिला.

प्रभाकर मात्र तिथेच उभा होता. “अगं, पण शॉवरचं बटण बंद होतं. बाहेर एक थेंब येत नव्हता.”

“बाहेर येत नव्हता, कारण तोंड बंद. पण मुठी दोन्ही उघड्या! गार पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, मग ते शिरलं गरमच्या नळीत आणि आलं उलटं इकडे.” तिने डोळे पुसले, हसून हसून पाणी आलं होतं. “नातीच्या पाण्यात विसण घालायला गेलात, आणि अख्ख्या घराच्या पाण्यात घालून ठेवलंत!”

दुसरा एखादा नवरा यावर ओशाळला असता. प्रभाकरचा चेहरा दोन क्षण पडला आणि मग दिवाळीसारखा उजळला. तो आत धावला, मुठी उघडल्या, “बघ, कोमट झालं?” म्हणून ओरडला. झालं. मुठी बंद केल्या. “आता?” कढत. “परत बघ!” तिसऱ्यांदा ठमाबाईने त्याला दटावलं तेव्हा कुठे हा प्रयोग थांबला. मग त्याने गुरुदत्तला फोन करून “येऊ नकोस, आम्ही शोधलं!” असं सांगितलं. त्यातला ‘आम्ही’ ऐकून आशालताने नुसतं वर बघितलं.

या सगळ्यात चारुशीलाताई कधी बाहेर गेल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आशालता हॉलमध्ये आली तेव्हा त्या सोफ्यावर बसल्या होत्या, शेजारी भरलेली बॅग, हातात फोन.

“छान झालं हो,” त्या म्हणाल्या. “ड्रायव्हरला मघाशीच दवाखान्यात पाठवला होता. आता सांगितलंय त्याला, वल्लरीला इथेच आण म्हणून.”

आणि मग लिफ्टचं दार वाजलं.

आशालताने भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या कधीचा तयार ठेवला होता, पण ऐन वेळी तिला तांब्या सापडेना. तो तिच्याच हातात होता. दारात वल्लरी, फिकुटलेली, केस विस्कटलेले, आणि इतकी सुंदर की आईला बघवेना. वरदच्या हातात दुपट्यातलं गाठोडं. काच नाही, निळा दिवा नाही. आशालताने दोघींवरून भाकरतुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, आणि गाठोडं हातात घेतलं. नातीने एक डोळा उघडून आजीला पाहिलं आणि तो परत मिटून घेतला. तेवढं पुरे होतं. आशालताला मोठ्याने रडू आलं आणि तिने ते खुशाल येऊ दिलं.

मग घर ठमाबाईच्या ताब्यात गेलं. आधी बाळ, मग बाळंतीण. वाफेने बाथरूमचं दार दिसेना. आतून ठमाबाईचा आवाज, बाळाचं एक जोरदार रडणं, मग एकदम शांतता, मग पाणी ओतल्याचा आवाज, आणि मग वल्लरीचा असा एक लांब सुस्कारा की बाहेर उभ्या असलेल्या आशालताच्याच कंबरेचं दुखणं गेल्यासारखं झालं.

“आई,” आतून वल्लरी म्हणाली, “मी इथून हलणार नाही. सांगून ठेवते.”

पेज खाऊन मायलेकी झोपल्या. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास भरून राहिला होता. प्रभाकर आणि वरद मिक्सरसमोर उभे राहून कुजबुजत होते, कारण प्रभाकरला जावयाला ते सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं होतं. ठमाबाई लाडू घेऊन गेली. आशालता पाय ओढत हॉलमध्ये आली. चारुशीलाताई बॅगेची चेन लावत होत्या.

“निघालात?”

“निघते. तिची सोय झाली ना, आता माझं काय काम?” त्यांनी चेन परत उघडली, परत लावली. मग मान वर न करता म्हणाल्या, “आशाताई, खरं सांगू? मघाशी तुम्ही ‘तापलंय, तापलंय’ म्हणून नाचत होतात ना, तेव्हा मला फार वाईट वाटलं.”

आशालता जवळ आली.

“मी चार दिवस मनात म्हणत होते, नको दुरुस्त व्हायला. पुण्यात खोली लावून आलेय मी. पाळणा रंगवून घेतलाय. तुम्हाला सोय, सोय म्हणत होते, पण सोय कसली, मला बाळ हवं होतं घरी.” त्यांचा तो कधी न चढणारा आवाज आता चिरकला होता. “मलाही सव्वा महिन्याने फोनवरच बघायचंय तिला.”

राग यायला हवा होता. आशालताने वाट पाहिली, पण राग आला नाही. चार दिवस दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या, आणि दोघींना हवं होतं ते एकच.

“मी काय कमी का?” ती सोफ्यावर धपकन बसत म्हणाली. “काल रात्री देवापुढे हात जोडून मागितलं, यांच्या गॅसच्या गिझरचा सिलिंडर संपू दे, आणि दुसरा महिनाभर न मिळू दे.”

चारुशीलाताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की साडीची घडी मोडली, पदर खाली आला, आणि त्यांनी तो उचललाही नाही. आशालताही हसत सुटली. आतून वल्लरीचा झोपाळू आवाज आला, “हळू गं, दोघीही!”

“बॅग ठेवा ती आत,” आशालता म्हणाली. “ड्रायव्हरला जाऊ दे. इथे खोली लहान आहे, पंखा आवाज करतो, आणि आमच्या यांचे प्रयोग रोज बघावे लागतील. चालत असेल तर राहा सव्वा महिना.”

  चारुशीलाताईंनी बॅगेची चेन पुन्हा उघडली आणि या वेळी उघडीच ठेवली.

तेवढ्यात खोलीतून बारीक आवाज आला. आधी कुरकुर, मग टॅहॅ. दोघी एकदमच उठल्या आणि एकदमच दाराशी पोचल्या. आशालताचा हात कडीवर होता. तिने दार उघडलं आणि विहीणबाईंना आधी आत जाऊ दिलं.